एफएफएमपेगमधील फक्त लिबएसडब्ल्यूरीसॅम्पल ही एकच लायब्ररी कम्पाइल कशी करावी?

कुडाळहून प्रश्न:
नमस्कार. जत्रांमध्ये होणाऱ्या दशावतारी नाटकांची ध्वनिमुद्रणे जपण्याचे काम आम्ही काही जण मिळून करत आहोत. मूळ मुद्रण ४८,००० हर्ट्झचे, डब्ल्यूएव्ही स्वरूपात असते; ते तसेच ठेवून, संवाद उतरवून घेणाऱ्यांसाठी १६,००० हर्ट्झची हलकी प्रत रास्पबेरी पाय झिरो या छोट्या संगणकावर तयार करायची आहे. त्यासाठी सी भाषेत लिहिलेल्या आमच्या छोट्या प्रोग्रामला एफएफएमपेग या ध्वनी-चित्रावर काम करणाऱ्या मुक्त सॉफ्टवेअरमधील केवळ लिबएसडब्ल्यूरीसॅम्पल, म्हणजे ध्वनीच्या नमुन्यांचा दर बदलणारी लायब्ररी, लागते. काय बांधायचे ते ठरवणाऱ्या कॉन्फिगर या स्क्रिप्टला ‘डिसेबल-एव्हरीथिंग’ हा पर्याय दिला, तरीही प्रत्यक्ष बांधणी करणारी मेक ही आज्ञा चालवल्यावर एफएफएमपेगच्याच लिबएव्हीकोडेक आणि लिबएव्हीफिल्टर या लायब्ररींमधील फाइली एकामागून एक कम्पाइल होतच राहतात. पावसाळ्यात इकडे वीज केव्हा जाईल याचा नेम नसल्याने लांबलचक बिल्ड पुरे होत नाही. हवी तेवढीच लायब्ररी बांधण्याचा सरळ मार्ग कोणी सांगेल का?

देवगडहून उत्तर:
‘डिसेबल-एव्हरीथिंग’ या नावामुळे सगळेच बंद होईल असे वाटते, परंतु त्याने बंद होतात ते एन्कोडर, डिकोडर, फिल्टर यांसारखे घटक. ते घटक ज्या लायब्ररींत राहतात, त्या लायब्ररी मात्र चालूच असतात आणि त्यांचा सामाईक कोड कम्पाइल होतो. आपल्याला हवा आहे तो ‘डिसेबल-ऑल’. तो घटक, लायब्ररी आणि प्रोग्राम असे तिन्ही बंद करतो. त्याच ओळीत पुढे ‘एनेबल-एसडब्ल्यूरीसॅम्पल’ लिहा. ‘डिसेबल-ऑटोडिटेक्ट’ही जोडा, म्हणजे यंत्रावर आधीपासून असलेल्या बाहेरच्या लायब्ररी कॉन्फिगर आपणहून उचलणार नाही. लिबएव्हीयूटिल ही सामाईक फंक्शनांची लायब्ररी मात्र टाळता येणार नाही, कारण लिबएसडब्ल्यूरीसॅम्पल तिच्यावर उभी आहे. म्हणून ‘एकच लायब्ररी’ म्हणताना प्रत्यक्षात दोन धराव्या लागतात. आपल्या यंत्रात ५१२ एमबीच मेमरी असल्याने मेकला समांतर कामे वाढवून देऊ नका.

रत्नागिरीहून उत्तर:
वरील उत्तर योग्य आहे. त्यात एवढीच भर घालतो की बिल्डसाठी वेगळी डिरेक्टरी करून तिथून कॉन्फिगर चालवावे. आपण मूळ डिरेक्टरीत आधीच कॉन्फिगर चालवले असल्यामुळे तिथे तयार झालेली कॉन्फिग हेडर फाइल आडवी येईल. तेव्हा प्रथम मूळ डिरेक्टरीत ‘मेक डिस्टक्लीन’ करून आधीच्या बिल्डच्या फाइली पुसून घ्या. लिबएसडब्ल्यूरीसॅम्पलची डिरेक्टरी उचलून स्वतःच्या प्रकल्पात टाकण्याचा मोह अनेकांना होतो. तो मी कळकळीने टाळायला सांगेन. तिच्यातील कोड कॉन्फिगरने बनवलेल्या हेडरवर आणि प्रोसेसरनुसार निवडलेल्या असेम्ब्ली फाइलींवर विसंबून असतो, आणि पुढच्या आवृत्तीतील दुरुस्त्या आणताना तीच हातजोडणी पुन्हा करावी लागते.

कुडाळहून:
मनःपूर्वक आभार. दोन्ही लायब्ररी वीज असतानाच बांधून झाल्या. आता आमचा प्रोग्राम लिंक करताना ‘अनडिफाइन्ड रेफरन्स’ (म्हणजे फंक्शन सापडले नाही) असा संदेश येतो आणि त्यातील सगळी नावे एव्ही या अक्षरांनी सुरू होतात. लिंकच्या ओळीत लिबएव्हीयूटिल आधी आणि लिबएसडब्ल्यूरीसॅम्पल नंतर दिली आहे.

देवगडहून:
क्रम उलटा करावा. स्टॅटिक लायब्ररी जोडताना लिंकर ओळ डावीकडून उजवीकडे वाचतो आणि त्या क्षणापर्यंत ज्यांची मागणी झाली आहे तेवढीच फंक्शने लायब्ररीतून घेतो. म्हणून आधी आपली ऑब्जेक्ट फाइल, मग लिबएसडब्ल्यूरीसॅम्पल, मग लिबएव्हीयूटिल आणि शेवटी गणिताची लिबएम असा क्रम ठेवा. लिंकसाठी लागणारे पर्याय सांगणाऱ्या पीकेजी-कॉन्फिग या प्रोग्रामला ‘स्टॅटिक’ हा पर्याय देऊन विचारल्यास तो हाच क्रम लावून देतो.

रत्नागिरीहून:
आपल्या कामाच्या दृष्टीने दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात. १६,००० हर्ट्झच्या प्रतीत ८,००० हर्ट्झच्या वरचे काहीच उरत नाही, त्यामुळे संवाद स्पष्ट राहिले तरी झांजेचा बराचसा झणकार जाईल; मूळ मुद्रण कोणत्याही कारणाने पुसू नये. दुसरे असे की रूपांतर करणारे फंक्शन ध्वनीचे काही नमुने स्वतःजवळ राखून ठेवते. फाइल संपल्यावर त्याला इनपुटच्या जागी नल (रिकामा पॉइंटर) देऊन पुन्हा हाक मारा आणि शून्य नमुने परत येईपर्यंत ते चालू ठेवा; अन्यथा प्रत्येक मुद्रणाचा शेवटचा अगदी लहानसा तुकडा प्रतीत उतरणार नाही.