थंड ताटल्यांचा दोष वाढप्याचा नाही

रिसॉर्टमधल्या महागड्या जेवणाचा विचका झाला की वाढप्यालाच दोष द्यायचा, हा अनेकांचा सूर मला पटत नाही. आमच्या कौटुंबिक जेवणातही मुलांच्या ताटल्या आधी आल्या आणि मोठ्यांच्या आल्या त्या मुलांचे खाणे संपत आल्यावर. तोवर सॉसवर जाडसर साय धरली होती. पदार्थ तयार होऊन बराच वेळ ताटकळत राहिल्याची ती खूण असते, कारण वरचा थर सुकत जातो आणि आतला भाग निवत जातो. गरम अन्न साधारण 60 अंश सेल्सिअसच्या वर ठेवावे, हा स्वयंपाकघराचा प्राथमिक नियम आहे. एका टेबलाचे सगळे पदार्थ एकदम बाहेर पडतील, हे पाहण्याची जबाबदारीसुद्धा मुख्य आचाऱ्याची असते. त्यातून एकाच भटारखान्यातून मेजवानीचे आणि खोल्यांमधले जेवणही जात असेल, तर ही घडी फार लवकर विस्कटते. तेव्हा बिल येईपर्यंत मनात कुढत न बसता, पहिला घास थंड लागताच व्यवस्थापकाला बोलावून ताटली बदलून मागावी, कारण ती चूक त्या घटकेलाच दुरुस्त होऊ शकते.