प्रति: स्टेनलेसच्या वस्तऱ्याला धार लागत नाही?
वर एकांनी लिहिलंय की स्टेनलेसचा वस्तरा धार धरत नाही, घ्यायचा तर कार्बन स्टीलचाच. मला हे अजिबात पटत नाही. जर्मनीतल्या झोलिंगनच्या हेन्केल्स कंपनीचा जुना 'फ्रिओडूर' वस्तरा एकदा वापरून पाहा. त्यात पोलाद तापवून विझवल्यावर (म्हणजे एकदम गार केल्यावर) शून्याच्या बरंच खाली थंड करतात. त्यामुळे आत उरलेला मऊ भाग कमी होतो आणि पातं जास्त कडक होतं. दाढी इतकी गुळगुळीत होते की कार्बनची आठवणही येत नाही.

धार लावायला मात्र वेळ लागतो, हे खरं. स्टेनलेसमधले क्रोमियमचे कठीण कण दगडाला दाद देत नाहीत. म्हणून १००० ग्रिटवर, म्हणजे भरड कणांच्या पहिल्या दगडावर, घाई करू नका. दोन्ही बाजू पूर्ण लांबीभर सारख्या लागल्याशिवाय पुढच्या दगडावर जायचंच नाही. एकदा लागलेली धार चामडी पट्ट्यावर पातं फिरवत राहिलं की छान टिकते.

कोकणात किंवा मुंबईत राहत असाल तर मी स्टेनलेसच सुचवेन. पावसाळ्यात कार्बनच्या पात्यावर बघता बघता तांबेरा चढतो. तरी स्टेनलेसही ओलं ठेवू नका, विशेषतः मुठीतल्या खिळ्यापाशी. गंज तिथूनच सुरू होतो.