जुन्या ३५ एचपी ट्रॅक्टरवर ओला मका कापताना इंजिन दबतंय: इंजिनकाम काढावं की आणखी काही?

वैरण_पलूस
राम राम मंडळी. ट्रॅक्टर जुना, तीन सिलिंडर, ३५ एचपी, १९८० च्या दशकातला. नांगरटीला लावत नाही, पेरणी, ट्रॉली आणि कुट्टी (वैरणीचे बारीक तुकडे करणं) एवढीच कामं. पीटीओवर (ट्रॅक्टरच्या मागे यंत्रं फिरवणारा दांडा) चार पात्यांचं ब्लोअरवालं, म्हणजे कुट्टी पंख्याने नळीतून फेकणारं मशीन आहे.

शाळूचा कडबा कितीही घाला, काही अडचण नाही. ओला मका सुरू केला की दहा मिनिटांत इंजिनाचा आवाज बसतो, काळा धूर येतो, मशीनच्या नळीतून चोथा थुंकल्यासारखा पडतो आणि मग चोक. घास थांबवला की इंजिन लगेच सावरतं. टेंपरेचरचा काटा लाल पट्ट्याच्या कडेला जातो. डिझेलचे दोन्ही फिल्टर नवीन. सकाळी अर्ध्या सेल्फला चालू होतो.

मिस्त्री म्हणतात लायनर-पिस्टन टाका. घरच्यांचं म्हणणं, विका आणि ५० एचपी घ्या. पंधरा दिवसांत एक एकर मका मुरघासाला (दाबून, आंबवून साठवायची ओली वैरण) येतोय. काय करावं? आणि कुट्टीला जुन्यातले कुठले ट्रॅक्टर खरे, तेही जाणकारांनी सांगावं.

पाना_कराड
दादा, इंजिन खोलायच्या आधी पाती खोला.

सकाळी गार इंजिन अर्ध्या सेल्फला उचलतं म्हणजे कॉम्प्रेशन आहे. खात्री हवी असेल तर इंजिन गरम झाल्यावर ऑइल भरायचं झाकण काढून बघा. फक फक धूर येत असेल, डिपस्टिकच्या भोकातून ऑइल उडत असेल, तर पिस्टनच्या रिंगा गेल्या. तसं नसेल तर लायनर-पिस्टनचा खर्च आज करू नका. काळा धूर म्हणजे डिझेल जेवढं जातंय तेवढी हवा मिळत नाही, नाहीतर इंजिनावर झेपण्याबाहेरचा भार आहे. निळा असता तर ऑइलचा विचार केला असता.

आता क्रमाने.

पाती. फ्लायव्हील हाताने फिरवून प्रत्येक पातं खालच्या आडव्या पट्टीसमोर आणा आणि मध्ये पोस्टकार्ड घाला. कार्ड जेमतेम सरकलं पाहिजे. दोन्ही टोकांना आणि मधे, तिन्ही ठिकाणी बघा, चारही पात्यांना. मग वर्तमानपत्राचा एक पदर पट्टीवर ठेवून फ्लायव्हील हाताने फिरवा. कागद सरळ कापला तर ठीक. दुमडून आत ओढला गेला तर मशीन वैरण कापत नाही, ओढून तोडतंय. वाळलेला कडबा ठिसूळ, तो बोथट पात्यानेही तुटतो. ओला मका चिवट, तिथेच चूक उघडी पडते. कुट्टी हातात घ्या. तुकड्यांच्या टोकाला दोरे, तुसं दिसली की समजायचं.

धार फक्त उताराच्या बाजूने लावायची. सपाट बाजूला दगड फक्त वळलेली कड काढण्यापुरता फिरवा. तिथे उतार दिला की गॅप कितीही बसवा, पातं पट्टीला भिडत नाही. ग्राइंडरवर दोन-तीन सेकंद टेकवलं की पाण्यात बुडवायचं. कडेला निळा रंग चढला की पाणी उतरलं, म्हणजे पोलादाचा कडकपणा गेला, ते पातं दुसऱ्या दिवशी परत बोथट. चारही पाती तराजूत घाला, वजनात फरक असेल तर जड पातं मागच्या कडेने घासा. नाहीतर फ्लायव्हील थरथरतं आणि बेरिंग खातं. खालच्या पट्टीची कड गोल झाली असेल तर ती उलटून बसवा, बहुतेक पट्ट्यांना दुसरी कड वापरता येते. लोक पाती चार वेळा लावतात आणि पट्टी वर्षानुवर्षं तशीच ठेवतात.

हे सगळं करताना ट्रॅक्टरची चावी खिशात आणि पीटीओचा शाफ्ट काढून बाजूला. नुसता लिव्हर न्यूट्रलला ठेवून हात घालायचा नाही.

दुसरं, हवा. ऑइलबाथ एअर क्लीनरची (हवा ऑइलमधून गाळणारा) वाटी उतरवा. तळाला बोटभर गाळ असेल तर ऑइल बदला, जाळी रॉकेलमध्ये धुऊन निथळू द्या. ऑइल खुणेपर्यंतच. जास्त भरलं की इंजिन ते ओढतं आणि थ्रॉटल नसतानाही पळत सुटतं. कुट्टीच्या दिवसांत वाटी रोज बघायची, आठवड्याने नाही.

तिसरं, रेडिएटर. मक्याचा भुसा जाळीत अडकून ओला होतो आणि पापडासारखा बसतो. हवा किंवा पाणी नेहमी इंजिनाच्या बाजूने बाहेर मारा, समोरून मारलं की कचरा आणखी आत. फॅन बेल्ट अंगठ्याने दाबून १२ ते १५ मिलिमीटर दबला पाहिजे. तुमचा काटा लाल पट्ट्याला जातो तो बहुतेक इथेच.

चौथं आणि माझा संशय इथे जास्त आहे: पीटीओ खरोखर मिनिटाला ५४० फेऱ्या फिरतोय का? जुन्या ट्रॅक्टरचं मीटर एकतर बंद, नाहीतर खोटं. लेझरवाला टॅकोमीटर (फेऱ्या मोजायचं यंत्र) घ्या, शाफ्टवर चमकीची पट्टी चिकटवा, भार नसताना आणि मका घातल्यावर असे दोन आकडे लिहून इथे टाका.

खटाव_जुनं_लोखंड
कुट्टीला कुठले खरे, या प्रश्नावर सांगतो. कुट्टीला वेग लागत नाही. एकसारखी चाल लागते आणि घास आला तरी न दबणारी ताकद लागते. जुनी इंजिनं मोठ्या बोअरची, कमी फेऱ्यांची, फ्लायव्हील जड. म्हणून ती या कामात गोड वाटतात, नुसत्या आठवणीमुळे नाही. महिंद्रा ५७५ चा पूर्ण दम १९०० आरपीएमलाच मिळतो, आणि चार सिलिंडर असल्याने पेंढी आत गेली तरी आवाज फारसा बदलत नाही. एचएमटी २५११ दोनच सिलिंडर, २५ एचपी. दोन पात्यांच्या मशीनला दिवसभर एका लयीत चालतो, ब्लोअरवाल्याला मात्र लावू नये. बी-२७५ हा महिंद्राचा, इंटरनॅशनल हार्वेस्टरच्या सहकार्याचा, ती भागीदारीतली कंपनी १९६३ ची. तो अजून काही वाड्यांवर कुट्टीला उभा दिसतो. मॅसी १०३५ हलका, वळायला सोपा, सुटे भाग तालुक्याला मिळतात. स्वराज ७३५ ला तीन सिलिंडर पण पिस्टन मोठे. स्वराज इंजिन्स १९८५ मध्ये उभी राहिली ती किर्लोस्कर ऑइल इंजिन्सच्या भागीदारीत, त्यामुळे आपल्याकडच्या मिस्त्रींना ते इंजिन परकं कधी वाटलं नाही.

आणि पलूसकरांनो, तुमच्या शेजारचीच गोष्ट आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात कारखानदारीची सुरुवात केली ती कडबा कापायची यंत्रं आणि लोखंडी नांगर करून, आणि १९१० मध्ये औंध संस्थानात कुंडलजवळच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी केली. कडबा कुट्टीचं माहेरच तुमच्या तालुक्यात आहे म्हणा ना.

जुना घेणार असाल तर दोन गोष्टी बघा. क्लच दुहेरी आहे का? एकेरी असेल तर पेडल दाबलं की पीटीओही थांबतो. जागेवरच्या कुट्टीला चालतं, चालत्या मशीनला नाही. दुसरं, ३५ एचपी हा इंजिनाचा आकडा असतो. पीटीओला त्यातले साधारण ८५ टक्के येतात, म्हणजे ३० च्या आसपास. मशीनच्या प्लेटवर ३५ लिहिलंय ते इंजिनाचे की पीटीओचे, हे विकणाऱ्याला विचारा.

वैरण_पलूस
दोन्ही आकडे घेतले. हँड थ्रॉटल पूर्ण खाली ओढून, भार नसताना पीटीओ ४६०. मका घातल्यावर ४०० आणि खाली. पोस्टकार्ड तीन पात्यांना डावीकडे अडकतं, उजवीकडे दोन कार्डं सैल जातात. कागद दुमडतो. एअर क्लीनरमध्ये चिखल होता.

पाना_कराड
मग बघा, इंजिनावर उगाच आळ होता.

भार नसताना ४६० म्हणजे डिझेल पंपापर्यंत पूर्ण थ्रॉटल पोचतच नाही. एकाने लिव्हर पूर्ण ओढायचा आणि दुसऱ्याने पंपाचा हात बघायचा. तो मोठ्या स्क्रूला टेकतोय का? टेकत नसेल तर मधल्या दांड्यांचे बॉल जॉइंट, पिना झिजल्यात, किंवा दांडी लांबीला कमी पडतेय. पिना बदला, दांडीचा नट फिरवून लांबी जुळवा. तो स्क्रू आणि त्याची सील मात्र हलवू नका. ती सील तोडून फेऱ्या वाढवणारे पुष्कळ भेटतील, पण तो हात टेकत असूनही फेऱ्या कमी येत असतील तर पंप दुकानात तपासणीच्या बेंचवर न्यायचा.

४६० आणि ५४० मध्ये फरक किती, असं वाटेल. ब्लोअरची फेक फेऱ्यांच्या वर्गाने बदलते. ५४० ला जी फेक मिळते, ती ४३० ला दोन तृतीयांशाच्याही खाली येते. मग ओली कुट्टी नळीच्या वळणापर्यंत पोचत नाही, परत पंख्यात पडते, पुन्हा घुसळली जाते, भार वाढतो, फेऱ्या आणखी पडतात. तुमची थुंकी आणि चोक ती हीच. वाळला कडबा हलका, तो कमी फेऱ्यांवरही निघून जातो. पंख्याची पाती आणि डबा यांतली फट वाढली असेल तरी हेच होतं, तेही बघा. शेवटी नळीचं तोंड जमेल तेवढं खाली आणि सरळ ठेवा.

पोस्टकार्ड एका बाजूला अडकतंय ते पात्यांमुळे नाही. चारपैकी तीन पाती एकाच बाजूला म्हणजे पट्टी तिरपी बसलीय किंवा मुख्य शाफ्टच्या बेरिंगला खेळ आहे. फ्लायव्हील दोन हातांनी धरून पुढे-मागे हलवा. टक आवाज आला की बेरिंग. आधी ते, मग गॅप.

मुरघास_फलटण
कुट्टीची लांबी जुळवून घ्या, नाहीतर धार लावून उपयोग नाही. हिशोब सोपा आहे. रोलरचा व्यास १० सेंटिमीटर असेल तर एका फेऱ्यात ३१ सेंटिमीटर वैरण आत. फ्लायव्हीलच्या आठ फेऱ्यांना रोलर एक फेरा घेत असेल तर दर फेऱ्याला चार सेंटिमीटर. चार पाती असतील तर तुकडा एक सेंटिमीटर, दोन पाती ठेवली तर दोन. मुरघासाला एक ते दोन. इंजिनाला हलकं करायचं असेल तर दोन पाती काढा, पण समोरासमोरची. शेजारची काढली तर मशीन जमिनीवर नाचेल.

मका कापायची वेळ: कणीस मधोमध मोडा, दाण्यावर वरचा घट्ट पिवळा आणि खालचा दुधाळ भाग यांतली रेष अर्ध्यावर आली की कापा. कुट्टी मुठीत अर्धा मिनिट दाबून सोडा. बोटांतून पाणी गळलं तर दोन-तीन दिवस थांबा. गोळा टिकून हळूहळू सुटला आणि तळवा नुसता ओलसर झाला, तर ६५ ते ७० टक्के ओल आहे, ती हवीच. लगेच भुगा झाला तर उशीर झाला.

आता त्या जुन्या ट्रॅक्टरचं खरं काम. दहा फूट रुंद, वीस लांब, पाच उंच असा खड्डा हजार घनफूट होतो, नीट दाबला तर घनफुटाला १५ किलो धरून १५ टन. दाबायला ताशी एका टनामागे साधारण ४०० किलो वजन लागतं. ट्रॅक्टर १,८०० किलोचा असेल तर ताशी साडेचार टनांच्या पुढे कुट्टी ओतू नका. कुट्टीला एक आणि दाबायला एक असे दोन ट्रॅक्टर लागतात, आणि दाबायला जुनाच बरा. मागच्या टायरमध्ये पाणी भरा, १२.४-२८ च्या टायरमध्ये दीडशे लिटर बसतं. थर अर्ध्या फुटापेक्षा जाड नको. टायरच्या कडेला पाय दाबून बघा, पाय रुतला तर पुन्हा फिरवा. उघड्या कडेला चाक नेऊ नका, आणि भिंतीच्या वर ढीग चढवून त्यावर ट्रॅक्टर तर अजिबात नको. जुन्या ट्रॅक्टरला उलटल्यावर चालकाला वाचवणारा कठडा वर नसतो.

वैरण_पलूस
धन्यवाद मंडळी. शेवटचा प्रश्न. शाफ्टचा बोल्ट सारखा तुटतो. दुकानदार म्हणतो हाय टेन्साइल (जास्त मजबूत पोलादाचा) टाका, मग तुटणार नाही.

पाना_कराड
तो बोल्ट तुटण्यासाठीच आहे. आत दगड किंवा ट्रॅक्टरची पिन गेली तर आधी त्याने जायचं, गिअरबॉक्सने नाही. मशीनच्या पुस्तकात सांगितलेल्या मापाचा साधा, माइल्ड स्टीलचा टाका आणि जोडीला पाच-सहा ठेवा. वरचेवर तुटतोय त्याला आणखी दोन कारणं असतात. टेलिस्कोपिक शाफ्टच्या दोन्ही टोकांचे फोर्क एका रेषेत नाहीत, नाहीतर मशीन ट्रॅक्टरपेक्षा खूप खाली-वर आहे आणि क्रॉस जॉइंटला कोन जास्त पडतोय. शाफ्ट काढून फोर्क जुळवून बसवा, मशीनच्या पायाखाली लाकडी ठोकळे घालून शाफ्ट जवळपास आडवा करा. पूर्ण आत सरकवल्यावर शाफ्ट तळाला टेकत नाही ना, तेही बघून घ्या. टेकला तर बोल्ट वाचेल, पीटीओचं बेरिंग जाईल.

खटाव_जुनं_लोखंड
आणि शाफ्टवरचं प्लॅस्टिकचं कव्हर काढून ठेवलं असेल तर आधी ते घाला. मशीनजवळ उपरणं, साडीचा पदर, सैल पायजमा नको. घास द्यायचं तोंड तीन फुटांहून आखूड असेल तर पत्रा जोडून लांब करा.