इको रेझिनच्या वस्तूंवर ‘पर्यावरणपूरक’ लिहायचं की नाही?

रंगवेडी_ठाणे:
घोडबंदर रोडला घरीच सिलिकॉनच्या साच्यांत इको रेझिनचे, म्हणजे पाण्यात कालवून ओतायच्या पावडरीचे, हत्ती, मोर, कमळं करून विकते. परवा सोसायटीच्या स्टॉलवर एका काकूंनी विचारलं, “कार्डावर ‘पर्यावरणपूरक’ लिहिलंयस, म्हणजे नक्की काय गं?” मला धड सांगता येईना. तरी माझं मत आहे की लिहावं. आधी इपॉक्सी वापरायचे, म्हणजे हार्डनर मिसळला की घट्ट होणारं रेझिन. हार्डनरचा वास, हातमोजे, मास्क, चोवीस तास थांबणं, आणि एवढं करून मनगटावर पुरळ उठलंच. आता पावडर नि पाणी, झालं. लेक शेजारी बसून रंग कालवते.

शाडूवाला_नेरूळ:
लिहू नये. पाकीट नीट वाचा ताई. या नावाने मिळणाऱ्या बऱ्याच पावडरी म्हणजे मुळात जिप्समचं प्लास्टर. पीओपी तरी दुसरं काय असतं? जिप्सम साधारण १५० अंशांवर भाजून त्यातलं बरंचसं पाणी उडवायचं. पुन्हा पाणी घातलं की ते घट्ट होतं आणि होताना तापतं. ओतल्यावर थोड्या वेळाने साच्यावर तळवा ठेवून बघा.

रंगवेडी_ठाणे:
ठेवलाय. कोमट लागतो. पण दादा, माझा हत्ती कपाटावर बसणार आहे, तलावात नाही जाणार.

शाडूवाला_नेरूळ:
तुमचा नाही जाणार. पण केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२० च्या सूचनांत पीओपीच्या मूर्ती नकोत म्हटलं, तेव्हापासून आम्ही घरोघरी शाडूचं सांगत फिरतोय. त्याच प्लास्टरला फिकट गुलाबी रंग देऊन ‘इको’ म्हटलं, की कुणीतरी त्याचा गणपती करणार आणि विरघळेल या भरवशावर बादलीत सोडणार. शाडू पाण्यात बसतो, पुन्हा मळता येतो. हे तसं नाही.

ओतकाम_कोपरखैरणे:
दोघांचं थोडं थोडं पटतं. पाण्यावर आधारलेलं हे तंत्र तसं नवं नाही, जेस्मोनाइट नावाचं असंच ओतायचं मिश्रण १९८४ मध्ये ब्रिटनमध्ये निघालं. त्यात अॅक्रिलिकचा द्रव असतो. त्याच्या एका प्रचलित प्रकारात एक भाग द्रवाला अडीच भाग पावडर, वजनावर. सॉल्व्हंट (उडून जाणारा रासायनिक द्रावक) नाही, त्यामुळे करणाऱ्याला त्रास कमी, हे शंभर टक्के खरं. पण करणाऱ्याच्या छातीला बरं आणि खाडीला बरं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि कार्डावर आपण एका शब्दात दोन्ही खपवतो. बरं, छातीचंही पूर्ण नाही. पावडर उडते, मास्क लावाच.

आणि उरलेलं मिश्रण बेसिनमध्ये ओतू नका, कृपा करून. ते पाण्याखालीही घट्ट होतं. माझ्याकडे प्लंबरने पाइपचा वाकडा तुकडा कापून काढला, तर आत पांढरा बुच, दगडासारखा. आता सिलिकॉनच्या कपातच वाळू देतो. कप दाबला की पापुद्रे टणाटण सुटतात, ते सुक्या कचऱ्यात. भांडी धुतलेलं पाणीही बादलीत, गाळ बसू द्यायचा.

वाण_कळवा:
मी गिऱ्हाईक म्हणून बोलते. हळदीकुंकवाच्या वाणात असं कमळ आलं होतं. मी पाणी घालून वर फुलं सोडली. चार दिवसांत तळ मऊ पडला, बोटाला पांढरं लागायला लागलं. पाणी चालत नाही हे सांगायला नको का कुणी? मला ‘इको’ नको, हे सांगा.

रंगवेडी_ठाणे:
ताई, हे माझ्याकडूनही सांगायचं राहतं. आज नवी कार्डं लिहायला घेतली: ‘जिप्सम आणि अॅक्रिलिक. पाणी घालू नये. विसर्जनासाठी नाही.’ ‘पर्यावरणपूरक’ खोडलं. ‘बिनवासाचं’ मात्र ठेवतेय, ते माझ्या नाकाने अनुभवलंय.

शाडूवाला_नेरूळ:
छान केलंत. गणपतीचा साचा आहे का तुमच्याकडे?

रंगवेडी_ठाणे:
आहे, दोन इंचांचा. गाडीत ठेवायला मागतात लोक.

शाडूवाला_नेरूळ:
तो बंद करा.

रंगवेडी_ठाणे:
नाही करणार, दादा. तळाला ‘विसर्जन नाही’ कोरून देईन. कार्ड हरवतं, कोरलेलं राहतं.