मोठ्या शहरात फिरायला जाताना राहायला एरिया कसा निवडता?

खिडकीतली_सीट

नमस्कार मंडळी, प्रश्न तसा साधा आहे पण मी दर वेळी इथेच माती खातो. विमानाची तिकिटं, व्हिसा, काय काय बघायचं याची यादी, हे सगळं दोन-तीन महिने आधी तयार असतं आणि राहायचं कुठे हे मात्र शेवटच्या आठवड्यात. मग बुकिंग साइट उघडायची, रेटिंग आठच्या वर, फोटो बरे दिसतायत, बजेटमध्ये बसतंय, झालं बुक.

मागे पॅरिसला असंच केलं. हॉटेलच्या पानावर होतं 'सेंटरपासून २० मिनिटं'. ती २० मिनिटं खोटी नव्हती, पण ती ट्रेनमध्ये बसल्यावरची. त्याआधी हॉटेल ते स्टेशन १५ मिनिटं चालायचं, मग ट्रेनची वाट, मग मेट्रो बदलायची, तिथे जिने. उन्हाळ्यात तिथे अंधारच पडतो रात्री दहाच्या पुढे, आणि आयफेल टॉवर दर तासाला पाच मिनिटं लखलखतो ते बघायचं तर तोपर्यंत थांबायला हवं ना, पण आम्ही परत जायच्या टेन्शनमध्ये रोज नऊलाच हॉटेलची वाट धरायचो. पाच दिवसांत एकदाही नाही बघितला!! बायको अजून ऐकवते.

आता लंडनला जायचंय, सहा दिवस, आणि या वेळी सोबत आई आहे. वय ७२, तब्येत ठणठणीत पण गुडघे कुरकुर करतात. मला नुसती हॉटेलांची नावं नकोत, एरिया निवडताना तुम्ही डोकं कसं चालवता ते सांगा, म्हणजे पुढच्या ट्रिपलाही उपयोगी पडेल.

भटकभवानी

दादा, 'सेंटर' हा शब्दच डोक्यातून काढून टाका. मोठ्या शहराला एक सेंटर नसतंच. मी काय करते, मॅपवर बघायच्या सगळ्या जागांना पिन मारते, विमानतळाला पण (तो लोक विसरतात), आणि मग पिनांकडे न बघता त्यांच्यामधून जाणाऱ्या मेट्रोच्या लाइन्स बघते. ज्या एका लाइनवर निम्म्याहून जास्त पिन लटकतायत त्या लाइनवर राहायचं, बस. अंतराला काही अर्थ नसतो, सरळ लाइनवरचे आठ स्टॉप परवडले पण दोनदा बदलून तीन स्टॉप नकोत, सामान आणि म्हातारं माणूस सोबत असेल तर अजिबातच नकोत.

लंडनचं म्हणाल तर हीथ्रोला उतरत असाल तर पिकॅडिली लाइन न बदलता अर्ल्स कोर्ट, साउथ केन्सिंग्टन, रसेल स्क्वेअर, किंग्ज क्रॉस असं सगळं करत जाते, म्हणून वर्षानुवर्षं लोक त्याच पट्ट्यात राहतात. पण २०२२ पासून एलिझाबेथ लाइन सुरू झालीय, ती हीथ्रोहून पॅडिंग्टन, टॉटनहॅम कोर्ट रोड, फॅरिंग्डन, लिव्हरपूल स्ट्रीट अशी जाते आणि तिच्या सगळ्या स्टेशनांवर रस्त्यापासून प्लॅटफॉर्मपर्यंत एकही पायरी न चढता जाता येतं. आईंसाठी मी डोळे मिटून ही लाइन घेईन. जुन्या ट्यूबमध्ये (म्हणजे लंडनची मेट्रो) फसवाफसवी फार. रसेल स्क्वेअरला लिफ्ट आहे म्हणून आपण खूश होतो आणि लिफ्टमधून बाहेर पडल्यावर प्लॅटफॉर्मपर्यंत परत पायऱ्या असतातच. 'स्टेप-फ्री ट्यूब मॅप' म्हणून वेगळा नकाशा मिळतो, तो डाउनलोड करा आणि नेहमीचा नकाशा या ट्रिपपुरता विसरा.

डबाबाटली

मला हे एवढं डोकं लावणं कळतच नाही. दिवसभर बाहेर असतो आपण, हॉटेलात फक्त झोपायला जातो. जिथे स्वस्त तिथे पथारी.

भटकभवानी

@डबाबाटली एकटी असताना मीही तेच करते हो. पण आई सोबत असेल तर दुपारी दोन तास पाय वर करून पडायला लागतं, म्हणजे रोज दोनदा जाणं आणि दोनदा येणं. एका बाजूला ५० मिनिटं असतील तर ती दुपारची विश्रांती गेलीच समजा, मग संध्याकाळी सगळ्यांची चिडचिड. कुठे राहायचं ते दिवसातून किती वेळा परत यायचंय त्यावर ठरतं.

रात्रपाळी

वरचं पटलं, त्यात माझी भर. जाताना कसं जायचं हे सगळे बघतात, रात्री परत कसं यायचं हे कोणी बघत नाही. मॅपमध्ये रूट टाकताना वेळ बदलून रात्री साडेअकरा टाकून बघा, दिवसा २५ मिनिटांचा रस्ता तेव्हा कधीकधी तासाचा होतो. प्रत्येक शहराचं तंत्र वेगळं. न्यूयॉर्कची सबवे रात्रभर चालते (शनिवार-रविवारी दुरुस्तीसाठी मार्ग बदलतात, तो वेगळा ताप), तोक्योत मध्यरात्रीनंतर थोड्याच वेळात सगळं बंद ते थेट पहाटे पाचच्या सुमारास सुरू, आणि लंडनला नाइट ट्यूब आहे पण फक्त शुक्रवार-शनिवारच्या रात्री आणि तीही पाचच लाइन्सवर. सेंट्रल, ज्युबिली, नॉर्दर्न, पिकॅडिली, व्हिक्टोरिया. म्हणजे मंगळवारी नाटक बघून बाहेर पडलात तर ती तुमच्या कामाची नाही.

दुसरं म्हणजे ऑफिसांचा एरिया. तिथे वीकेंडला हॉटेलं स्वस्त दिसतात आणि आपण लगेच हुरळतो. लंडनची 'सिटी', म्हणजे ती बँकांची जुनी स्क्वेअर माइल, तिथे सोमवार ते शुक्रवार माणसांचा पूर असतो आणि रविवारी सकाळी चिटपाखरू नसतं. असुरक्षित अजिबात नाही, पण रस्त्यावर चार माणसं, उघडी दुकानं दिसली की बरं वाटतं असा ज्यांचा स्वभाव आहे त्यांना ते भकास वाटतं. मला मात्र आवडतं, रिकाम्या गल्ल्यांतून एकट्याने फिरायला मजा येते, पण आईंना नाही आवडणार बहुतेक.

आणि रिव्ह्यू वाचताना सरासरी आकडा बघू नका. 'लोकेशन ९.२' हे गाडी घेऊन आलेल्या माणसांनीही दिलेलं असतं, त्यांना पार्किंग मिळालं की लोकेशन झकास. नवे रिव्ह्यू आधी लावा आणि त्यात शब्द शोधा: आवाज, जिना, लिफ्ट, रात्री. एकट्या फिरणाऱ्या बायकांनी लिहिलेले रिव्ह्यू तर मी पुरुष असूनही आधी वाचतो, कारण स्टेशनपासूनची शेवटची ४०० मीटर कशी आहेत हे त्यांच्याइतकं नीट कोणी लिहीत नाही. स्ट्रीट व्ह्यू पण बघा, पण तो दिवसा काढलेला असतो हे लक्षात ठेवा. दिवे कुठे आहेत, तळमजल्याला दुकानं आहेत की नुसत्या भिंती, फूटपाथ किती रुंद, एवढं त्यात कळतं.

मुक्काम_पोस्ट

सगळे स्टेशनजवळ राहा म्हणतायत म्हणून थोडं उलट बोलतो. अगदी मोठ्या जंक्शनला खेटून राहू नका. तोक्योचं शिंजुकू घ्या, जगातलं सगळ्यात गर्दीचं स्टेशन, २०० च्या वर एक्झिट. हॉटेलवाला लिहितो 'स्टेशनपासून ३ मिनिटं', ते खरंच असतं, पण कुठल्या एक्झिटपासून? चुकीच्या बाजूने बाहेर पडलात की तेच ३ मिनिटांचं अंतर २० मिनिटांचं होतं, वर गर्दीत बॅगा ओढायच्या. त्यापेक्षा त्याच लाइनवर एकदोन स्टॉप पुढे मागे राहा. तोक्योत यामानोते लाइन गोल फिरते, ३० स्टेशनं, तासाभरात पूर्ण चक्कर, त्यातल्या जरा शांत स्टेशनजवळ राहिलात तरी शहर तुमच्या हातात. आम्ही उएनोला राहिलो होतो, नारिता विमानतळाची ट्रेन थेट तिथे येते, मस्त पडलं.

आणि पॅरिसची गंमत सांगतो, मूळ पोस्टवाल्यांसाठी. हॉटेलच्या नावात 'पॅरिस' आहे याला काही किंमत नाही, पिनकोड बघायचा. ७५ ने सुरू होत असेल तर खुद्द पॅरिस शहर, आणि शेवटचे दोन आकडे म्हणजे तुमचा वॉर्ड, १ ते २०. हे वॉर्ड मधून सुरू होऊन गोगलगायीच्या शंखासारखे गोल गोल बाहेर जातात, म्हणजे आकडा लहान तितकं मध्यात असं ढोबळमानाने धरायला हरकत नाही. ९२, ९३, ९४ असेल तर शहराच्या हद्दीबाहेर. बाहेर म्हणजे वाईट असं नाही हां, ला देफान्स (उंच ऑफिस इमारतींचा भाग) ९२ मध्येच येतं आणि तिथून मेट्रोची एक नंबर लाइन सरळ लूव्रला आणून सोडते. पण निदान आपण कुठे राहतोय ते कळलेलं असावं.

खिडकीतली_सीट

@मुक्काम_पोस्ट जुनी मेल काढून बघितली. ९३. 😑

बायकोला दाखवलं, ती म्हणाली पिनकोड वाचायला फोरमवर जायला लागतं का.

दोनबॅगाताई

घर भाड्याने घ्यायचा विचार असेल तर एक लक्षात ठेव बाळा, बऱ्याच ठिकाणी बुकिंग होईपर्यंत अचूक पत्ता दाखवतच नाहीत, मॅपवर नुसतं एक गोल वर्तुळ. त्या वर्तुळाच्या एका टोकाला स्टेशन आणि दुसऱ्या टोकाला टेकडी असू शकते. घरमालकाला आधी मेसेज करून स्टेशनचं नाव आणि कोणतं एक्झिट ते विचारायचं, टाळाटाळ केली की सोडून द्यायचं. नियम पण बदलतायत सगळीकडे, न्यूयॉर्कमध्ये २०२३ पासून ३० दिवसांपेक्षा कमी राहायचं तर मालक स्वतः त्याच घरात हवा, आणि बार्सिलोनाने २०२८ पर्यंत टुरिस्ट फ्लॅट बंद करायचं जाहीर केलंय. आयत्या वेळी बुकिंग रद्द झालं तर म्हातारीला घेऊन कुठे फिरशील? मी पण साठीच्या पुढची आहे म्हणून म्हातारी म्हणायचा हक्क आहे मला 😄

आणि लंडनमध्ये जपायची गोष्ट म्हणजे जिने. जुन्या चाळीसारख्या एकाला एक चिकटलेल्या घरांची तिथे छोटी हॉटेलं केलेली असतात, बाहेरून फार गोड दिसतात, पांढरे खांब वगैरे, आणि आत लिफ्ट नसते, वर जायला अरुंद जिना. आम्हाला एकदा चौथा मजला मिळाला होता, माझ्या गुडघ्यांनी सहा दिवस मला शिव्या घातल्या. 'लोअर ग्राउंड' लिहिलं असेल तर ती तळघरातली खोली, खिडकीतून लोकांचे बूट दिसतात. एरिया बरोबर निवडला आणि इमारत चुकली तर सगळं मुसळ केरात.

खिडकीतली_सीट

सगळ्यांचे खूप आभार, काल रात्री दोनपर्यंत हेच करत बसलो होतो. पिना मारल्या, स्टेप-फ्री नकाशा काढला, आणि पॅडिंग्टनच्या बाजूला दोन हॉटेलं बाजूला काढून ठेवली, एलिझाबेथ लाइन चालत सात मिनिटं. रात्री साडेअकराचा रूटपण टाकून बघितला, टॉटनहॅम कोर्ट रोडहून सरळ, न बदलता. स्वस्त होतं त्याचे रिव्ह्यू @रात्रपाळी यांनी सांगितल्याप्रमाणे 'लिफ्ट' शब्द टाकून शोधले. एकाने लिहिलंय की लिफ्ट आहे, छान आहे, फक्त ती पहिल्या जिन्याच्या वर सुरू होते.

दोनबॅगाताई

दुसरं घे.