मित्रांच्या फॅन्टसी हॉकी लीगमध्ये ट्रेडवर मतदान नकोच

निळी_रेषा (धागालेखक)

नवख्यांसाठी: फॅन्टसी लीगमध्ये आपण बारा जण ड्राफ्टमध्ये पाळीपाळीने एनएचएल या उत्तर अमेरिकेतल्या आइस हॉकी लीगचे खेळाडू निवडून कागदावरची टीम बनवतो, दर आठवड्याला दोघांची गाठ पडते आणि खेळाडूंच्या खऱ्या आकड्यांवरून एकेक कॅटेगरी जिंकली जाते. ड्राफ्टच्या तयारीच्या धाग्यावर मिसिसागाकरांनी परवा लिहिलं की प्रत्येक ट्रेड (दोन टीममधली खेळाडूंची अदलाबदल) दोन दिवस मतदानाला ठेवा, बारापैकी चौघांनी विरोध केला की रद्द, लीग चालवणाऱ्या एकट्या कमिशनरच्या हातात निर्णय नको. त्याला भराभर +१ पडले. मला हे अजिबात पटलेलं नाही, म्हणून वेगळा धागा.

मतदानात कोणी ट्रेडचा न्याय करत नाही. जो तो गुणतालिकेतली आपली जागा बघतो. ट्रेड करणारे दोघे वगळले की दहा उरतात, त्यातले चार-पाच प्लेऑफच्या शेवटच्या जागेसाठी एकमेकांच्या उरावर बसलेले असतात. म्हणजे विरोधाची चार मतं कायम तयारच. समजा एकाकडे हेलबक हा गोली (गोलरक्षक) आणि आणखी दोन भरवशाचे गोली आहेत, पण डिफेन्स कच्चा. दुसऱ्याकडे मकारसह चार दणदणीत डिफेन्समन आणि गोलीच्या नावाने बोंब. २०२४-२५ मध्ये हेलबकच्या ४७ विन होत्या आणि जीएए (दर सामन्याला खाल्लेले सरासरी गोल) २.००, मकारचे ३० गोल, ९२ पॉइंट (गोल अधिक असिस्ट, म्हणजे गोलसाठी दिलेले पास). एकास एक अदलाबदल केली तर दोघांचाही फायदा आहे. आणि दोघांचाही फायदा आहे म्हणूनच तिसऱ्या-चौथ्या नंबरवाले ती पाडणार.

ट्रेड रद्द व्हावा तो फक्त संगनमत असेल तर. ते ओळखता येतं. एक बाजू प्लेऑफमधून बाहेर गेलेली असते, बदल्यात तिची एकही कॅटेगरी सुधारत नाही, आणि आत कुठेतरी पैशाचा किंवा ‘पुढच्या वर्षी परत करतो’चा वायदा असतो. कमिशनरने दोघांना वेगवेगळं विचारायचं: कुठली कॅटेगरी सुधारायला केलात? सरळ उत्तर आलं की ट्रेड पास, २४ तासांच्या आत.

मिसिसागाकर

आणि कमिशनर स्वतः त्याच गुणतालिकेत असतो त्याचं काय? तो काय हिमालयातून येतो? जो आरोप तुम्ही दहा जणांवर करताय तोच त्या एकावरही लागू आहे. फरक इतकाच की दहा जणांचे स्वार्थ एकमेकांना छेद देतात, एकट्याच्या स्वार्थाला कोणी छेद देत नाही.

शिवाय ५० डॉलर प्रत्येकी, म्हणजे ६०० डॉलर जमा आहेत. पहिल्याला ३००, दुसऱ्याला १५०, तिसऱ्याला ७५, नियमित हंगाम जिंकणाऱ्याला ७५. ज्यांचे पैसे आहेत त्यांना मत नको?

कॅल्गरीताई

मिसिसागाकर, तुमच्या मतदानात कीपर लीग पार मरते. आपल्याकडे दर टीमला चार कीपर, म्हणजे पुढच्या हंगामासाठी राखून ठेवायचे खेळाडू. तळाची टीम फेब्रुवारीत क्रॉस्बी देते आणि सेलेब्रिनी घेते. २०२४-२५ चे आकडे काढा: क्रॉस्बी ९१ पॉइंट, सेलेब्रिनी ६३. मत देणारा नुसते आकडे बघून ‘लूट आहे’ म्हणतो. पण एकाचा जन्म १९८७ चा, दुसऱ्याचा २००६ चा. तळाच्या टीमला या वर्षीच्या पॉइंटांचं लोणचं घालायचंय का? असा ट्रेड चार मतांनी पाडलात तर त्या माणसाने फेब्रुवारीनंतर लाइनअप तरी का लावावी? आणि त्याने लाइनअप लावणं सोडलं की त्याच्यासमोर येणाऱ्याला आठवडा फुकट मिळतो. खरा अन्याय तिथे होतो.

कीपर लीगमध्ये एकच कुंपण पुरतं. ट्रेडची मुदत एनएचएलच्या स्वतःच्या ट्रेड डेडलाइनच्या आधी ठेवायची. २०२५ मध्ये ती ७ मार्चला होती. आपली दोन आठवडे आधी संपवा. मग प्लेऑफच्या तोंडावर तळातून वर माल पोचवणं आपोआप थांबतं.

तिसरा_पिरियड

तुम्ही सगळे ट्रेडवर भांडताय, पण ट्रेड वाकडे होतात ते गोलींमुळे. आपल्या सेटिंगकडे बघा. खेळणाऱ्या जागा १२: दोन सेंटर, दोन लेफ्ट विंग, दोन राइट विंग, चार डिफेन्स, दोन गोली. कॅटेगरी १०: गोल, असिस्ट, पॉवरप्ले पॉइंट (समोरचा खेळाडू शिक्षेमुळे बाहेर असतानाचे), शॉट, हिट (अंगाने दिलेली धडक), ब्लॉक (अंगाने अडवलेले शॉट) आणि गोलींच्या चार, विन, जीएए, सेव्ह टक्केवारी, सेव्ह (गोलीने अडवलेले शॉट). म्हणजे बारापैकी दोन जागांच्या हातात दहापैकी चार गुण. असं असताना हेलबकच्या बदल्यात काहीही मागितलं तरी कमीच वाटणार, आणि काहीही दिलं तरी लूट वाटणार. मूळ रोग हा आहे.

सेव्ह काढून टाका. ज्या टीमवर रोज पस्तीस-चाळीस शॉटचा मारा होतो तिचा गोली हरूनही सेव्ह जिंकून देतो. वाईट टीमला बक्षीस कशासाठी? सहा आणि तीन मिळून नऊ कॅटेगरी राहतील. पाच-पाच असा बरोबरीचा आठवडाही निघणार नाही.

बाणेर_बर्फ

सेव्ह काढायला माझा ठाम विरोध. एनएचएलमध्ये टीम ३२. एक नंबरचे गोली जेमतेम तितकेच, त्यातही काही ठिकाणी दोघे आलटून पालटून खेळतात. स्वेमन आणि उलमार्क बोस्टनमध्ये होते तेव्हा तसंच चालायचं. बारा जणांनी तीन-तीन गोली घेतले की ३६ झाले. म्हणजे कोणाला तरी दुय्यम गोलीवर भागवावं लागणारच. त्याच्या हातात सेव्ह ही एकच कॅटेगरी उरते, तीही काढून घेताय.

कमाल तीन गोली हा नियम लावा, त्याने साठेबाजी थांबेल. कॅटेगरीला हात लावू नका.

आणि जाता जाता: ड्राफ्टची वेळ टोरांटोच्या संध्याकाळी सातला ठेवू नका, ऑक्टोबरात आमच्याकडे तेव्हा पहाटेचे साडेचार असतात. शनिवारी सकाळी दहा ठेवा. पुण्यात संध्याकाळचे साडेसात, कॅल्गरीत सकाळचे आठ. १६ फेऱ्या गुणिले १२ म्हणजे १९२ निवडी. ६० सेकंदांचं घड्याळ लावलं तर फार तर तीन तास बारा मिनिटं. ९० सेकंद लावलेत तर पावणेपाच तासांवर जाईल आणि शेवटच्या चार फेऱ्या सगळे ऑटोवर टाकतील.

तिसरा_पिरियड

दुय्यम गोलीवर भागवावं लागतं ते ड्राफ्टमध्ये गोली मागे ठेवल्यामुळे. ज्याने सातव्या फेरीपर्यंत एकही घेतला नाही त्याने तक्रार करू नये.

बरं, सेव्ह राहू द्या. पण गोली बसवून ठेवण्याच्या लबाडीचं काय करणार? सोमवारी गोलीने ३० पैकी २९ अडवले: जीएए १.००, टक्केवारी .९६७. मग माणूस दोन्ही गोली आठवडाभर बेंचवर बसवतो आणि दोन कॅटेगरी खिशात घालून मोकळा. कारण दुसऱ्या सामन्यात २५ पैकी ५ गेले तर जीएए थेट ३.०० आणि टक्केवारी .८९१. गोली न खेळवणं हा डावपेच होऊ शकत नाही. आठवड्याला किमान चार स्टार्ट (गोलीने सुरुवातीपासून खेळलेले सामने) लावा.

कॅल्गरीताई

चार फार होतात हो. ज्या आठवड्यात एखाद्या टीमचे दोनच सामने असतात आणि तेही लागोपाठच्या रात्री, तिथे दुसऱ्या रात्री हमखास राखीव गोली उतरतो. म्हणजे तुमच्या एक नंबरला एकच स्टार्ट. दुसरा गोली दुखापतीत असला तर चार आणायचे कुठून? मग माणूस फ्री एजंटमधून (कोणाच्याच टीममध्ये नसलेल्यांतून) कोणालाही उचलतो, थकलेल्या टीमच्या मागे उभा करतो आणि सहा गोल खातो. किमान तीन ठेवा. तीन नाही भरले तर जीएए आणि टक्केवारी दोन्ही हरलेल्या धरा, विन आणि सेव्ह जे असतील ते राहू द्या.

राखीव गोली उचलायचाच असेल तर समोरची टीमही आदल्या रात्री खेळलेली आहे ना, एवढं बघून घ्या.

मिसिसागाकर

धागा ट्रेडचा आहे. गोलींचा वेगळा काढा.

तिसरा_पिरियड

नाही काढणार. दोन्ही एकच प्रश्न आहे हे वर आकड्यांनी दाखवलंय. तुम्हाला उत्तर देता येत नाही म्हणून धागा वेगळा काढायचा?

मिसिसागाकर

उत्तर देता येतं. किमान तीन लावलंत तर आठवड्याला चार ॲडची (नवे खेळाडू घेण्याची) जी मर्यादा आहे त्यातले दोन ॲड गोलीवरच जातील. मग सोमवार, बुधवार, शुक्रवार, रविवार या कमी सामन्यांच्या, रिकाम्या रात्री भरायला स्केटर (गोली सोडून बाकीचे खेळाडू) कशातून आणणार? मंगळवार, गुरुवार, शनिवार सगळ्यांचीच लाइनअप भरून वाहते, चांगले खेळाडू बेंचवर राहतात. आठवडा जिंकला जातो तो रिकाम्या रात्रींवर. तुमचा नियम तेवढी एकच जागा बंद करतोय. करायचंच असेल तर ॲड पाच करा.

तिसरा_पिरियड

पाच करा. हे मान्य. फक्त हे.

बाणेर_बर्फ

पाच ॲड झाल्यावर स्टार्टिंग गोलीची बातमी ज्याला आधी कळेल तो जिंकणार. पूर्वेकडच्या टीमचा सकाळचा स्केट (सामन्याच्या दिवशीचा सराव) टोरांटोच्या साडेअकराच्या सुमारास असतो, हिवाळ्यात पुण्यात तेव्हा रात्रीचे दहा. ते जमतं. पण व्हँकुव्हर, सिॲटल, लॉस एंजेलिस यांची बातमी आमच्याकडे मध्यरात्र उलटून एक वाजता येते. त्यामुळे सोडलेला खेळाडू लगेच फ्री एजंट होता कामा नये. दोन दिवस वेव्हरवर (थांबा-यादीत) ठेवा आणि हंगामाला १०० चं बंद बोलीचं बजेट द्या. जागं कोण आहे यावर खेळाडू मिळू नये.

जुनी_काठी

बंद बोली चांगली कल्पना आहे. पण या सगळ्यात प्लस-मायनस (खेळाडू बर्फावर असताना आपला गोल झाला की प्लस, समोरच्याचा झाला की मायनस) परत आणा अशी माझी जुनी मागणी आहे. बचावाची किंमत करणारी तेवढी एकच कॅटेगरी होती.

कॅल्गरीताई

प्लस-मायनस बचावाची किंमत करत नाही, दादा. पॉवरप्लेवर केलेला गोल त्यात धरत नाहीत, रिकाम्या नेटमध्ये गेलेला मात्र धरतात. मागे पडलेल्या टीमने गोली काढला की बर्फावर तिचे सर्वांत चांगले सहा जण असतात. समोरच्याने लांबून पक रिकाम्या नेटमध्ये सारला की सहाही जणांना मायनस. चांगल्या खेळाडूला वाईट टीममध्ये असण्याची शिक्षा. ब्लॉक ठेवलेत ते पुरेत.

जुनी_काठी

आणि हिट? त्या मोजणारा माणूस प्रत्येक रिंकचा वेगळा. एकाला जी हिट वाटते ती दुसऱ्याला नुसता धक्का वाटतो. ते चालतं, माझं चालत नाही.

कॅल्गरीताई

हिटबद्दल तुमचं बरोबर आहे. तरी प्लस-मायनस नकोच.

निळी_रेषा (धागालेखक)

मूळ मुद्द्यावर येतो. कमिशनरचाही स्वार्थ असतो हे मिसिसागाकरांचं म्हणणं मला मोडून काढता आलेलं नाही. मग असं करू: ट्रेडमध्ये कमिशनर स्वतः असेल, किंवा त्या ट्रेडने त्याच्या त्या आठवड्याच्या प्रतिस्पर्ध्याची टीम बदलत असेल, तर निर्णय सह-कमिशनरचा. त्याचं नाव ड्राफ्टआधी ठरवायचं. रद्द केला तर कारण लेखी, सगळ्यांसमोर. पैसे ड्राफ्टच्या आदल्या दिवसापर्यंत इंटरॅकने (कॅनडातली ऑनलाइन पैसे पाठवण्याची सोय) आणि तेही सह-कमिशनरकडे. ज्याचे आले नाहीत त्याला ड्राफ्टमध्ये जागा नाही. म्हणजे निर्णय एकाकडे आणि पैसा दुसऱ्याकडे.

अंतिम सामना एनएचएलच्या शेवटच्या आठवड्यात नको. २०२५ मध्ये नियमित हंगाम १७ एप्रिलला संपला, आणि शेवटच्या दिवसांत जागा पक्की झालेल्या टीम मोठ्या खेळाडूंना विश्रांती देतात. आपलं प्लेऑफ एक आठवडा आधी संपवू. २०२६ सारखी ऑलिंपिकची सुट्टी मध्ये आली तर तिच्या दोन्ही बाजूंचे तुटके आठवडे एकत्र जोडायचे.

मिसिसागाकर

सह-कमिशनर मान्य. पैसे त्याच्याकडे, तेही मान्य. मतदान मी सोडत नाही, फक्त आकडा बदलतो. दहापैकी सात जणांनी विरोध केला तरच रद्द. सात जणांचा स्वार्थ एका दिशेला वळायला ट्रेड खरंच भयानक असावा लागतो.

निळी_रेषा (धागालेखक)

सात असेल तर माझी हरकत राहत नाही. मुदत मात्र २४ तास, ४८ नाही. शुक्रवारी झालेला ट्रेड रविवारपर्यंत लटकला तर खेळाडू शनिवारी जुन्याच टीमसाठी खेळतो, आणि आठवड्यातले सर्वांत जास्त सामने बहुधा शनिवारीच असतात.

बाणेर_बर्फ

२४ तासांत टोरांटोची एक रात्र आणि पुण्याची एक रात्र गेली की मत द्यायला उरतं किती? निदान ३६ करा.

तिसरा_पिरियड

३६ करा, पण किमान तीन स्टार्ट आणि कमाल तीन गोली या दोन ओळी नियमांत आधी लिहा. त्या लिहिल्याशिवाय माझे ५० डॉलर येणार नाहीत.