थेरपीची सहा सत्रे झाली, तरी फरक जाणवत नाही

प्रश्न: दीड महिना मी दर आठवड्याला थेरपीला जात आहे. ५० मिनिटे बोलून झाल्यावर हलके वाटते, पण दोन दिवसांत मन पुन्हा त्याच चिंतेत अडकते. थेरपिस्ट समजूतदार आहेत, तरी हे त्यांना सांगण्याचा धीर होत नाही. माझे काही चुकते आहे का?

उत्तर १: आपले काहीही चुकत नाही. जे येथे लिहिलेत, तेच सत्राच्या सुरुवातीला त्यांना सांगा; शेवटच्या पाच मिनिटांवर ढकलू नका. मानसशास्त्रज्ञ एडवर्ड बोर्डिन यांनी १९७९ मध्ये मांडल्याप्रमाणे थेरपीतील नाते परस्परांतील विश्वास, उद्दिष्टाविषयीची सहमती आणि त्यासाठी करायच्या कामांविषयीची सहमती यांवर उभे असते. आपल्या बाबतीत विश्वास आहे, पण उद्दिष्ट बहुधा नेमके ठरलेले नाही.

उत्तर २: मला दोन सत्रांमधल्या दिवसांत लिहिलेल्या नोंदींचा सर्वाधिक उपयोग झाला. ‘वरिष्ठांनी निरोपाला उत्तर दिले नाही, ते नाराज असावेत असे वाटले, छातीत धडधडले,’ अशी एखादी ताजी नोंद समोर असली, की त्या विचाराला पुरावा काय, हे थेरपिस्टबरोबर तपासता येते. मानसोपचारतज्ज्ञ ॲरन बेक यांनी १९६० च्या दशकात विकसित केलेल्या ‘कॉग्निटिव्ह थेरपी’ या पद्धतीचा हाच गाभा आहे.

उत्तर ३: मोकळेपणाने बोलूनही सूर जुळला नाही, तर थेरपिस्ट बदलण्यात गैर नाही. मात्र जीव नकोसा वाटू लागला, तर पुढच्या सत्राची वाट न पाहता त्याच दिवशी मदत मागा.

प्रश्नकर्ता: मनापासून आभार. उद्याच्या सत्राची सुरुवात ‘हलके वाटते, पण दोन दिवसांत मन पुन्हा त्याच चिंतेत अडकते’ या वाक्याने करीन. ते कागदावर लिहून ठेवले आहे.